आखाजी ते आखाजी

११ मे २०२४, शनिवार

आजच्या यादीत सतरावं नाव असं नव्हतंच. 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव. वय चौदा तास. मागणीच्या कागदावर सर्जनचं घाईचं अक्षर : एआरएम (गुदद्वाराचा जन्मदोष), मुलगा, छिद्र दिसत नाही, किडनी आणि मूत्राशयाची सोनोग्राफी करावी.

बाळ काल आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या रात्री सुरतच्या दिंडोलीकडच्या एका प्रसूतिगृहात जन्मलं. वजन दोन किलो सातशे, आवाज खणखणीत. पुसताना आयाच्या लक्षात आलं की शीची जागाच नाही, तिथे नुसती सपाट कातडी. मग रिक्षा, मग आमचा तातडीचा विभाग, मग मी.

सोबत लुगड्यातली आजी, कपाळावर हिरवं गोंदण. 'इथे गर्भलिंग तपासणी होत नाही' ही दारावरची गुजराती पाटी तिला वाचता येत नसावी, पण ही खोली कशाची ते तिला पक्कं ठाऊक. म्हणाली, "आते पोऱ्यानी बी सोनोग्राफी? त्याना पोटमा काय बाळ शे का?"

"किडनी देखनी शे, माय," मी म्हणाले. अहिराणी ऐकून तिनं मला नव्यानं न्याहाळलं. आईवडील अमळनेरकडचे, मी उधन्यात वाढले, हे सांगेपर्यंत तिनं बाळ माझ्या हातात दिलंसुद्धा.

जेल कोमट करून घेतलं. गार लागलं की पोर आक्रसतं आणि मग काही दिसत नाही. उजवी किडनी सापडली, ४.४ सेंटिमीटर. आतले काळे गोल बघून माझा ज्युनियर म्हणाला, "मॅडम, पाणी भरलंय." नाही. नवजात बाळाच्या किडनीची साल यकृताएवढी उजळ दिसते आणि आतले पिरॅमिड काळेभोर, म्हणून नवख्याला ते पाणी वाटतं. सगळे एका ओळीत, सारख्या अंतरावर आहेत ना, मग ते पिरॅमिडच.

डाव्या बाजूला किडनी नव्हती. तिथे अधिवृक्क ग्रंथी लांब, सरळ, आडवी पसरलेली. किडनी असती तर तिनं या ग्रंथीला टोपीसारखं दुमडून डोक्यावर घेतलं असतं. खाली टेकायला कुणी नाही म्हटल्यावर ती झोपून राहते. कधी कधी किडनी वर चढलेलीच नसते, म्हणून ओटीपोटातही शोधलं. पण मूत्राशय रिकामं होतं, आणि रिकाम्या मूत्राशयामागचं ओटीपोट म्हणजे बंद खिडकी.

अहवालात लिहिलं : उजवी दिसते, सूज नाही. डावी जागेवर नाही. पुन्हा तपासणी आवश्यक.

१२ मे, रविवार

सुट्टी होती, तरी वॉर्डात डोकावून आले. बाळ उपाशी, सलाइनवर, नाकातून नळी. सर्जननं रात्रभर घाई केली नव्हती. आजीला याचंच नवल : जागा नाही, पोट फुगतंय, आणि डॉक्टर थांबलेत! पण हा थांबाच उपचाराचा भाग. आतड्यात दाब वाढून बाळाची पहिली काळी शी वाट काढते, त्याला वीस ते चोवीस तास लागतात. ती कातडीवर ठिपक्यासारखी आली तर दोष खालचा. लघवीतून आली तर वरचा, म्हणजे आतड्याचं टोक मूत्रमार्गाला जाऊन मिळालेलं. पूर्वी बाळाला उलटं धरून एक्स-रे काढत. १९३० पासूनची ती पद्धत. १९८३ मध्ये चंडीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की बाळाला पालथं झोपवून, ढुंगण उंच ठेवून आडवा एक्स-रे घेतला तरी तेच कळतं. बाळाचे हाल तेवढे वाचले.

आणि याच चोवीस तासांत हृदय, मणका, अन्ननलिका, किडनी बघून घ्यायची असते. आम्ही थांबत नाही. समोरचं दार बंद आहे तोवर घराच्या बाकीच्या खोल्या तपासतो.

पहाटे लिंगाच्या टोकाशी ठेवलेल्या गॉझवर हिरवट डाग आला. वरचा दोष. दुपारी पोटावर शीची वाट काढून दिली, कोलोस्टोमी. तिथली कापडं बदलायला आई शिकतेय. वय बावीस-तेवीस. अजून कुणाशी बोललेली नाही.

१३ मे, सोमवार

ती का बोलत नाही ते आज कळलं. आजी मला बाजूला घेऊन म्हणाली, "ग्रहणमा हिनी कांदा चिरा व्हता."

गेल्या कोजागिरीचं ते चंद्रग्रहण, २८ ऑक्टोबरचं. ग्रहण मध्यरात्रीनंतरचं, पण वेध दुपारीच लागलेले. आणि लूमवरून, यंत्रमागावरून येणाऱ्या नवऱ्याला जेवायला तर लागतंच. सहा महिने हा कांदा त्या घरात कुणाला आठवला नव्हता. परवा रात्री आठवला.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी दोघींना उभं केलं. दिवस पूर्ण भरून झालेलं बाळ. १० मेपासून अडतीस आठवडे मागे गेलं की ऑगस्टचा तिसरा आठवडा येतो, तिथे गर्भ राहिला. सुरुवातीला गर्भात शी आणि लघवी यांची एकच सामाईक पोकळी असते. चौथ्या ते सातव्या आठवड्यात मधे पडदा उतरतो आणि दोन वाटा वेगळ्या होतात. म्हणजे सप्टेंबर, फार तर ऑक्टोबरचा पहिला आठवडा. गणपती बसले तो सुमार. किडनीसुद्धा पाचव्या आठवड्यात याच शेजारात, ओटीपोटात, आकार घ्यायला लागते आणि मग वर चढते. एकाच वेळी, एकाच गल्लीत दोन्ही कामं चाललेली. एकात बिघाड झाला तर दुसऱ्याकडे बघितलंच पाहिजे, ते यासाठी. ग्रहण लागलं तेव्हा गर्भ दहा आठवड्यांचा होता. दार व्हायचं की नाही हे त्याआधीच ठरून गेलेलं.

आजीनं विचार केला. "मंग गणपतीना कोप?"

"कुणाचाच कोप नाही, माय. साधारण पाच हजार बाळांत एकाला होतं. राजाच्या घरीही होतं."

आई पहिल्यांदा बोलली. "म्हणजे कांद्याचं काही नाही?"

"काही नाही."

ती जाऊन बाळाशेजारी बसली. इतके दिवस खाटेच्या कडेला टेकत होती, आज मांडी घालून बसली.

१८ मे, शनिवार

आठवा दिवस. दुसरी सोनोग्राफी.

पहिल्या दिवशी बाळाची लघवी मुळातच कमी असते. अंगात पाणी कमी, किडनी अजून अर्धी झोपेत. पुढे वाहणाऱ्या नळीत तुंबा असला तरी तुंबायला पाणीच नसतं, म्हणून सूज दिसत नाही. उन्हाळ्यातली तापी बघून पुराचा अंदाज बांधण्यातला हा प्रकार. रक्ताची चाचणीही त्या दिवसांत फसवी : क्रिएटिनिनचा पहिला आकडा बाळाचा नसतो, नाळेतून आलेला आईचाच असतो.

आज बाळ दूध पितंय, लघवी भरपूर. उजव्या किडनीचा मधला भाग १२ मिलिमीटर रुंदावलेला. जन्माच्या ४८ तासांनंतर १० मिलिमीटरच्या आत असेल तर आम्ही फारशी काळजी करत नाही. हा त्यापलीकडे. मूत्राशय आज भरलेलं, त्यामागे सगळं स्वच्छ दिसलं. डावी किडनी कुठेच नाही.

एकच किडनी, आणि तिलाही सूज.

जाता जाता मणक्यावरूनही प्रोब फिरवला. मणक्याची मागची हाडं तीन महिन्यांत घट्ट होतात, मग सोनोग्राफीला आतलं दिसत नाही. या मुलांत मज्जारज्जू खाली अडकलेला असू शकतो आणि त्यावर लघवीच्या पिशवीचा ताबा अवलंबून. याचा रज्जू ठीक वाटला.

मूत्राशय मोजत असतानाच त्यानं सरळ माझ्या कोपरापर्यंत धार सोडली. ज्युनियर मागे सरकला. मी हलले नाही. अशी जोरकस धार आमच्या खोलीत शुभ मानतात.

२२ मे, बुधवार

एमसीयू झालं. नळीतून मूत्राशयात औषध भरून एक्स-रे घेतले. लघवी करताना औषध उलटं, वर किडनीपर्यंत चढलं. उलटवहन, तिसऱ्या श्रेणीचं. सोनोग्राफीला सूज दिसते, ही उलटी वाट सहसा दिसत नाही. त्यासाठी ही तपासणी.

बाप आज पहिल्यांदा भेटला. या आठवड्यात रात्रपाळी, सकाळी आठला लूम सोडून सरळ इकडे. केसांत सुताची कुसं. तर्जनीवर शाईचा काळा डाग. सुरतची जागा यंदा बिनविरोध गेल्यामुळे शहरातल्या अनेकांची बोटं कोरी. पण लिंबायत, उधना नवसारी मतदारसंघात, त्यांनी ७ मेला मत दिलं.

त्याला चित्र काढून दाखवलं. दोन वाटांचा पडदा आणि किडनी एकाच वेळी घडतात, तेही सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, ताण्याची तार तुटली आणि लूम नाही थांबवली, तर ताक्यात शेवटपर्यंत चीर जाते. शेठला चीर दिसते, तार नाही दिसत."

"मग आपण काय करायचं?"

"लूम थांबवून गाठ मारायची."

उलट्या वाटेला आज गाठ मारायची गरज नाही. बऱ्याच मुलांत ती वाढत्या वयाबरोबर सुटते. तोवर रोज रात्री एक छोटा डोस, जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून. कारण नसता ताप आला की सर्दी समजायचं नाही, लघवी तपासायची. आणि सोनोग्राफी वेळेवर.

"तीन महिन्यांनी आणा," मी म्हणाले.

मागून आजी : "तीन महिना म्हंजे कवय? कानबाईले का?"

कॅलेंडर उलटलं. खान्देशातला कानबाईचा सण नागपंचमीनंतरच्या रविवारी, म्हणजे ११ ऑगस्ट. अकरा आठवडे आणि चार दिवस. माझ्या हिशेबाला चालण्यासारखं.

"हो. कानबाई झाली की."

कागदावर तारीख लिहिली आणि कंसात कानबाई. आमच्या कार्डावरच्या तारखा हरवतात. कानबाई कशी हरवेल?

१६ जून, रविवार

ज्युनियर वराछ्याचा, वडील हिऱ्याच्या कारखान्यात. आज चहाला म्हणाला, कच्च्या हिऱ्याच्या पोटात डाग कुठे आहे ते आता यंत्रात बघून मगच कापतात. पूर्वी वडील भिंग लावून अंदाजानं सांगायचे. मी त्याला आमच्या यंत्राची वंशावळ सांगितली. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड पन्नाशीच्या दशकात बॉयलरच्या कारखान्यात गेले. तिथे धातूच्या पोटातली भेग ध्वनिलहरींनी शोधत. त्यांनी ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी नेऊन त्या यंत्राखाली धरल्या. १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लेख आला आणि पोटात डोकावायची पद्धत सुरू झाली.

"म्हणजे आपलाही धंदा डाग शोधायचाच," तो म्हणाला.

फरक एवढाच, की डाग सापडला की हिऱ्याचा भाव उतरतो.

९ जुलै, मंगळवार

नऊ वर्षांची मुलगी, नवागामकडची. चेहरा सुजरा, रंग फिकट, उंची सहा वर्षांच्या मुलीएवढी. क्रिएटिनिन चारच्या वर. बालरोग विभागानं पाठवलं : किडन्या बघा.

दोन्ही किडन्या लहान, पांढुरक्या, साल पातळ झालेली. मूत्राशयाची भिंत जाड, लघवी करून आल्यावरही निम्मं भरलेलं. आईला विचारलं, जन्मतः काही? ती ओशाळून म्हणाली, शीची जागा पुढे होती, लहानपणीच ऑपरेशन केलं, आता बरी आहे. चड्डी ओली राहते तेवढीच. त्यासाठी शाळेच्या बाईंनी जंताचं औषध द्यायला सांगितलं होतं.

प्लॅस्टिकच्या पिशवीत जुनी फाइल. कुठल्या गावची ते लिहीत नाही. ऑपरेशन नेटकं, टाक्यांची नोंद नेटकी. जन्माच्या दुसऱ्या दिवशीची सोनोग्राफी : दोन्ही किडन्या नॉर्मल. त्यानंतर नऊ वर्षांत किडनीबद्दल एकही कागद नाही.

मुलींतला हा खालचा प्रकार. खालचा, म्हणून सगळ्यांनाच हायसं वाटतं. दोष जितका वरचा तितकी किडनी-मूत्रमार्गात गडबड असण्याची शक्यता जास्त, हे खरं. सगळे प्रकार धरले तर तिघांत एकाला तरी असते, काही ठिकाणी निम्म्यांना. पण खालचा म्हणजे शून्य नव्हे. हिचा मज्जारज्जू अडकलेला असणार. पिशवी रिकामी होत नाही, दाब मागे जातो, आणि किडनी वर्षानुवर्षं तो गुपचूप सोसते. किडनी दुखत नाही. निम्मं काम गेलं तरी रक्ताचा आकडा फारसा हलत नाही. शी अडली तर घरदार जागं होतं, किडनीसाठी कुणाची झोप मोडत नाही.

पुढे अहमदाबादला किडनीच्या संस्थेत पाठवायचं ठरलं. खाली उतरताना मुलगी पोटावरचं जेल ओढणीनं पुसत होती. मी टिश्यू दिला तर म्हणाली, "थँक यू, टीचर."

१० जुलै, बुधवार

तीन वाजता जाग आली. त्या फाइलमधलं वाक्य. सही दुसऱ्या कुणाची, पण वाक्य माझंच. गेली पंधरा वर्षं मी हेच लिहीत आले : दोन्ही किडन्या नॉर्मल. किती तासांच्या बाळाच्या? मूत्राशय भरलेलं होतं की रिकामं? ते लिहिलं नाही. मे महिन्यात 'पुन्हा तपासणी' लिहिलं, कारण तिथे एक किडनी दिसत नव्हती. दिसली असती तर लिहिलं असतं का? मला वाटतं, नसतं.

चूक तपासणाऱ्याची नव्हती. त्या दिवशी त्या किडन्या नॉर्मलच असतील. पण दुसऱ्या दिवसाचं सत्य नऊ वर्षं वापरलं गेलं.

सर्जन जागा बघतो, आई शी बघते, मी चौदा तासांची किडनी बघते, आणि आपापलं बघून झालं की सगळे सुटतो. सरकारी यादीतही या दोषाला नीट घर नाही. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या तीस आजारांत नऊ जन्मदोष : दुभंगलेला ओठ आहे, वाकडं पाऊल आहे, मोतीबिंदू आहे, हृदय आहे. गुदद्वाराचा दोष त्या नवांत नाही. शाळेत तपासायला जाणाऱ्या पथकाला हे मूल दिसणार कसं? ते तर कपड्याआड लपलेलं.

आज अहवालाच्या कागदावर तीन ओळी छापून घेतल्या. जन्मापासून किती तास. मूत्राशय भरलेलं की रिकामं. पुढची सोनोग्राफी केव्हा. तिसरी ओळ भरल्याशिवाय सही करायची नाही, असं ज्युनियरला सांगितलं. म्हणाला, "मॅडम, रेडिओलॉजिस्ट कुठे पुढची तारीख देतो?"

देतो. दहा मिनिटांचं काम, सुई नाही, किरणं नाहीत. याहून स्वस्त पहारा कुठला?

२७ जुलै, शनिवार

पावसात मिठी खाडी फुगली की लिंबायतच्या खालच्या वस्त्यांत जिना हाच रस्ता. बाळाची आई कालच्या पावसात त्याला घेऊन आली होती. ताप. वाटेत एका दवाखान्यात सर्दीचं औषध मिळालं होतं, पण ती थांबली नाही. "लघवी तपासा," असं स्वतः म्हणाली. जंतू निघाले. चार दिवस इंजेक्शन.

घरी ती साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम करते, नगावर पैसे. डोस चुकू नये म्हणून कॅलेंडरच्या चौकटीत रोज रात्री एक टिकली लावते. फोनमध्ये फोटो दाखवला. जून झगमगत होता. एका चौकटीत टिकली नव्हती. त्या रात्री लाइट गेले होते, सापडली नाही, पण औषध दिलं, असं तिनं दोनदा सांगितलं.

१३ ऑगस्ट, मंगळवार

रविवारी कानबाई बसली, काल उठली, आज सकाळी साडेनऊला आजी दारात. कपाळावर हळद अजून ताजी. कानबाईचे रोट घराबाहेर द्यायचे नसतात, म्हणून माझ्यासाठी केळी.

किडनी ५.८ सेंटिमीटर. वयाच्या मानाने मोठी. जोडीदार नसला की एकटी किडनी दोघींचं काम अंगावर घेते आणि वाढते. सूज ९ मिलिमीटर. मी मनातल्या मनात हिशेब करत होते, तर आजी पडद्याकडे बघत म्हणाली, "एकच शे तर एकच. पन ती चांगली ठेवा."

यापेक्षा चांगला अहवाल मला लिहिता आला नसता.

२९ सप्टेंबर, रविवार

परवा मोठं ऑपरेशन झालं. पीएसएआरपी. पाठीकडून, बरोबर मध्यरेषेत उघडायचं, प्रत्येक स्नायू विजेच्या हलक्या झटक्यानं आकुंचन पावतो का ते बघत जायचं, आणि आतड्याचं टोक त्या स्नायूंच्या मधोमध आणून बसवायचं. आल्बेर्तो पेन्या आणि डी व्हरीस यांनी १९८२ मध्ये ही पद्धत मांडली; त्याआधी सर्जन बरंचसं अंधारातच चाचपत. आता सगळं डोळ्यांसमोर.

सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "जागा छान झाली." सगळे हसले. मीही हसले. मग त्यांनीच विचारलं, "किडनी केव्हा बघतेस?" जुलैपर्यंत हा प्रश्न आमच्यात कुणी कुणाला विचारत नव्हतं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

सुरत रिकामी. लूम बंद, हिरे बंद, बाजार बंद. दिवाळीत हे शहर आपली माणसं उसनी घेतल्यासारखी परत करतं : खान्देशात, ओडिशात, उत्तर प्रदेशात, बिहारात. उधना स्टेशनवर छठच्या गाड्यांना अजून रांगा. आज सोनोग्राफीला बोलावलेल्या अकरा मुलांपैकी चार आली. या बाळाचंही नाव न आलेल्यांत. ऑपरेशननंतर नवी जागा आवळू नये म्हणून आईला दिवसातून दोनदा ठरावीक जाडीची गुळगुळीत सळई घालून ती रुंद ठेवायची असते. ते काम गावच्या घरात, दहा पाहुण्यांत, ती कसं करत असेल?

चूक माझी. ती तारीख मी दिली होती, आजीनं नव्हे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आले. आई म्हणाली, गावी धान्याच्या कोठीमागे नेऊन करायची, एक दिवसही चुकवलं नाही. किडनी ठीक. सूज ८.

२२ फेब्रुवारी २०२५, शनिवार

पोटावरची वाट बंद झाली. आजी सांगत होती, बाळानं पहिल्यांदा खालून शी केली तेव्हा सगळा मजला बघायला आला. मी विचारलं, पुढची सोनोग्राफी? दोघी एकदम म्हणाल्या, "आखाजी."

३० एप्रिल २०२५, बुधवार

आखाजी. सणाचा दिवस, तरी आले. घरी घागर भरून, पुरणपोळी टाकून आले. बाळाला आता नाव आहे. संगणकात मात्र अजून 'बेबी ऑफ', कारण नाव बदलायला खिडकी क्रमांक चारवर अर्ज लागतो. ते प्रोबला घट्ट धरून चोखायला बघतं. तीनदा सोडवला.

किडनी ६.९ सेंटिमीटर. सूज ६ मिलिमीटर. साल जाड, सुरेख. उलटं वहन गेलं की नाही ते पुढच्या तपासणीत कळेल; डोस तोवर चालू. शीचा ताबा येईल की नाही हे तो तीन वर्षांचा झाल्यावर समजेल. हे दोन्ही मी सांगितलं. आई मान हलवत ऐकत होती. 'बरा झाला का?' असं तिनं विचारलं नाही. वर्षभरापूर्वी तेवढा एकच प्रश्न असता.

पहाऱ्याला शेवट नाही, हे या घराला माझ्याआधी कळलं असावं. चार महिने पुढे मोजत मी कॅलेंडर उलटलं. म्हटलं, "दिवाळी नको, तुम्ही गावी जाता. त्याआधी... २२ ऑगस्ट. पोळा आहे. चालेल? की पोळ्याला बैल सजवायला जाता?"

आजी हसली. दातांत मिशरी. "आठे कोठे बैल शेतस? मना बैल ते लूमवर शे."

बाप दारात उभा होता. रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल, केसांत कुसं. तोही हसला, आणि बाळ घ्यायला हात पुढे केले.

तिसऱ्या ओळीत लिहिलं : पोळा.